मुलीचा प्रकल्प: ‘विधायकाची पार्श्वभूमी’ लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

रामबाग_कट्टा | शनिवार, सकाळी १०.२०

नमस्कार मंडळी. मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. कॉलेजात प्रत्येकाला एक प्रकल्प मिळालाय. मध्य प्रदेश विधानसभेचा आजी किंवा माजी सदस्य (आपल्याकडे विधायक म्हणतात, म्हणजे आमदार) निवडायचा, त्याची पार्श्वभूमी लिहायची आणि त्यानं कोणत्या धोरणांना आधी हात घातला ते मांडायचं. वीस पानं, हिंदीत.

तिनं पहिल्याच संध्याकाळी मोबाईलवरून सध्याच्या एका विधायकांची माहिती उतरवून काढली. नाव, जन्मतारीख, पक्ष, किती वेळा निवडून आले, किती मतांनी. झालं दीड पान. मग तिच्या आजोबांना वाचून दाखवलं. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, २६ वर्षं काढलेले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे तर रेशनकार्ड झालं गं. माणूस कुठाय यात?” आणि नाव त्यांनीच सुचवलं: होमी दाजी.

आता माझी अडचण अशी की मला दाजींबद्दल जे माहीत आहे ते घरात ऐकलेलं. १९२६ साली मुंबईत जन्म, पारशी कुटुंब, लहानपणीच इंदूरला आले. शिकून वकील झाले, कम्युनिस्ट पक्षाचं काम केलं, मिल मजुरांचे पुढारी झाले. १९५७ला विधानसभेत, १९६२ला अपक्ष म्हणून इंदूरहून लोकसभेत, १९७२ला पुन्हा विधानसभेत. मे २००९मध्ये गेले. एवढंच. यातून वीस पानं कशी होणार?

माझ्या आईची एक आठवण सांगते. ती लग्न होऊन खानदेशातून इंदूरला आली तेव्हा कितीतरी वर्षं तिला वाटायचं की दाजी म्हणजे वस्तीतल्या कुणाच्या तरी बहिणीचे यजमान. परदेशीपुऱ्यात, मजुरांच्या वस्तीत, जो तो ‘दाजी आले, दाजी बोलणार’ म्हणायचा आणि मराठी कानाला ते नातंच वाटणार ना. हे आडनाव आहे आणि माणूस पारशी आहे, हे तिला फार उशिरा कळलं. तिच्या लेखी काही फरक पडला नाही.

तर सांगा. पार्श्वभूमीत काय लिहायचं? आणि साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या विधायकाचा अग्रक्रम आज शोधायचा कुठे?

भोपाळ_मुक्काम | शनिवार, सकाळी ११.०५

ताई, निवड फार चांगली आहे. मी नोकरीच्या निमित्तानं २२ वर्षं भोपाळला आहे, सभागृहाचे कागद रोज हाताखालून जायचे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी काळ डोळ्यांसमोर आणा. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रदेश झाला. १९५७ची निवडणूक झाली तेव्हा राज्य जेमतेम चार महिन्यांचं होतं. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुना महाकोशल असे चार तुकडे जोडून २८८ जणांचं सभागृह भरलं ते भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये. (आज २३० सदस्य आहेत, कारण २०००मध्ये छत्तीसगड वेगळं झालं. चार्ल्स कोरियांनी आखलेली नवी इमारत तर १९९६ची.) मध्य भारतात इंदूर उन्हाळी राजधानी होती. नव्या राज्यात तो मान गेला. भोपाळला राजधानी, जबलपूरला उच्च न्यायालय, ग्वाल्हेरला महसूल मंडळ, आणि इंदूरला लोकसेवा आयोग आणि श्रमायुक्तांचं कार्यालय. श्रमायुक्त इंदूरला का? कारण मिला इथे. मुलीनं हे पहिल्या पानावर घ्यावं. दाजी ज्या शहरातून निवडून आले त्या शहराची सरकारदरबारी ओळखच मजुरांचं शहर अशी होती.

आता अग्रक्रम. सभागृहात विरोधी बाकावरच्या सदस्याच्या हातात पैसा नसतो, खातं नसतं. त्याच्याकडे असतो प्रश्न. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अतारांकितचं उत्तर लेखी येतं. शिवाय ध्यानाकर्षण, स्थगन, अशासकीय संकल्प. (महाराष्ट्रात ‘लक्षवेधी’ म्हणतात ते आपल्याकडचं ध्यानाकर्षण.) कुठल्याही विधायकानं पाच वर्षांत विचारलेले प्रश्न घ्या, विषयवार ढिगाऱ्या करा, आणि कुठली ढिगारी उंच होते ते पाहा. जाहीरनामा बाजूला ठेवा. जाहीरनामा पक्षाचा असतो, प्रश्न त्या माणसाचा असतो.

आजच्या विधायकांचे प्रश्न विधानसभेच्या संकेतस्थळावर हिंदीत मिळतात. जुन्या कार्यवाहीसाठी विधानसभेच्या ग्रंथालयात अर्ज करावा लागेल, कॉलेजचं पत्र घेऊन या. १९६२ ते ६७ मात्र सोपं आहे. लोकसभेच्या सगळ्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट वाचता येतात. सदस्याचं नाव टाकून शोधायचं. घरबसल्या पाच वर्षांची भाषणं हाती लागतील.

जुनी_पाळी | शनिवार, दुपारी १.४०

सौ. ताईंच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी त्याच मिलच्या हिशेबखात्यात लेखनिक होतो. ते साचेखात्यात म्हणजे आमची हजेरीपत्रकावर रोज भेट झाली असणार. माझे वडीलही साचेवाले.

पार्श्वभूमी म्हणजे काय, असं विचारलंत. मी तुम्हाला खातं कसं होतं ते सांगतो, मग ठरवा.

साचेखात्यात शेकडो माग एकाच वेळी चालायचे. तिथे बोलणं ऐकू येत नसे. वडील आणि त्यांचे जोडीदार ओठांवरून बोलणं ओळखायचे. ही सवय इतकी मुरली होती की घरी आईशी बोलतानाही ते तिच्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहायचे. पन्नाशीत कान गेले. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवायची, खिडक्या बंद. मे महिन्यात माणूस आत शिरला की पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आमची अख्खी चाळ उठायची, घड्याळ कुणाकडे नव्हतंच. आणि जे कायम नव्हते ते बदलीवाले. ते रोज गेटवर येऊन उभे राहायचे, कुणी आलं नाही तर त्या जागी काम. नाही मिळालं तर डबा तसाच बांधलेला घेऊन परत. भरलेला डबा घेऊन घरी आलेला बाप पाहिलाय मी, शेजारच्या खोलीत.

आता १९५७ साल. त्याच वर्षी दिल्लीत भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतन कशाच्या आधारावर ठरवावं ते सांगितलं. अध्यक्ष गुलझारीलाल नंदा, ज्यांच्या नावानं आपलं नंदानगर आहे. मजुराच्या घरात तीन माणसांचं अन्न धरायचं, आणि कपडा? माणशी वर्षाला १८ वार. चौघांच्या कुटुंबाला ७२ वार. हा आकडा वडिलांना तोंडपाठ होता. ज्यांच्या हातून रोज थानंच्या थानं (कापडाचे तागे) उतरायची, त्यांच्या घरात वर्षाला ७२ वार कापड यावं म्हणून आधी परिषद भरावी लागली, आणि तरी ती रक्कम हातात पडायला किती वर्षं गेली ते विचारू नका. दिवाळीला आम्हा भावंडांना एकाच थानातले सदरे असत.

दाजी या गेटांवर बोलायचे. मी लहान होतो, लांबून, लाउडस्पीकरवर ऐकलेलं. काय बोलले ते शब्द आज सांगता येणार नाहीत, आणि आठवत नसलेलं त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण एक सांगतो. ते निवडून यायच्या आधीपासून या गेटावर होते. मजुरांचे खटले चालवायचे. म्हणून भोपाळला गेल्यावर त्यांना ‘मजुरांचे प्रश्न काय आहेत’ हे कुणाकडून लिहून घ्यावं लागलं नसेल. मुलीला म्हणावं, पार्श्वभूमीत हे लिही: माणूस निवडून येण्याआधी रोज कुठे उभा राहायचा.

क्लॉथ_मार्केट | शनिवार, दुपारी ३.१५

सगळ्यांचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो. माझ्या वडिलांचं महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात दुकान होतं. मिलचा भोंगा आमच्याही घराचं घड्याळ होता. संप झाला की माल अडकायचा, बाहेरगावचे व्यापारी आगाऊ दिलेले पैसे परत मागायचे, आणि वडील रात्री उठून वहीत तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा जुळवत बसायचे. एका हंगामात आईच्या पाटल्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. ते दु:खही याच शहरातलं आहे.

मुलीनं प्रकल्पात फक्त गौरव लिहू नये. लाल झेंड्याचे पुढारी प्रामाणिक होते, मान्य. पण लढाईच्या नादात मिला बुडाल्या, हे इंदुरात अर्धे लोक मानतात. त्याचं उत्तर प्रकल्पात नसेल तर तो अपुरा राहील. धोरणाचा अग्रक्रम चुकीचाही असू शकतो ना?

जुनी_पाळी | शनिवार, दुपारी ४.३०

साहेब, तुमच्या आईच्या पाटल्यांचं वाचून वाईट वाटलं. संपात आमच्याही घरातलं पितळ मोडीत गेलंय, तेव्हा हिशेब दोन्हीकडे आहे.

पण मिला संपामुळे बुडाल्या, हे मी वहीवर बसलेला माणूस म्हणून मान्य करणार नाही. माझ्यासमोर यंत्रांच्या दुरुस्तीची बिलं यायची. स्वातंत्र्याच्या आधीचे माग १९८० नंतरही चालू होते. नफा झाला तेव्हा नवे माग आले नाहीत. १९७४ला केंद्रानं आजारी मिला ताब्यात घेतल्या तेव्हा त्यात इंदूरच्या मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी होत्या. म्हणजे आजार तेव्हाच पुढे गेलेला होता. मग यंत्रमागाचं, म्हणजे मिलबाहेरच्या छोट्या कारखान्यांतलं, कापड आलं, सिंथेटिक आलं. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणानं मिल आणि यंत्रमाग एका रांगेत उभे केले. यंत्रमागाला ना भविष्यनिर्वाह निधी भरायचा होता, ना तीन पाळ्यांचा आस्थापना खर्च. आमच्याच मिलचं सूत बाहेर जाऊन तिथे विणलं जायचं आणि आमच्यापेक्षा स्वस्त कापड बनून तुमच्या बाजारात यायचं. तुम्ही तरी कुठलं विकणार होतात?

मुंबईत १९८२चा मोठा संप झाला, म्हणून सगळ्या मिलांची गोष्ट त्या संपातून सांगायची सवय लागली आहे. इंदूरला तसा संप झालाच नाही. तरीही भोंगे बंद झालेच.

भोपाळ_मुक्काम | शनिवार, सायंकाळी ५.१०

क्लॉथ मार्केट दादांचा मुद्दा मात्र प्रकल्पात यायलाच हवा, दोन्ही बाजूंसह. एक पान त्यालाच द्यावं.

रावपुरा_वडोदरा | शनिवार, रात्री ८.००

इंदूरकरांच्या धाग्यात वडोदऱ्याहून डोकावतो. माझं आजोळ इंदूरचं, म्हणून हक्कानं.

तुम्ही विधायक म्हणता, पुण्या-मुंबईकडे आमदार म्हणतात, आणि आमच्याकडे गुजरातीत शब्द आहे धारासभ्य. धारा म्हणजे कायदा. कायदे करणाऱ्या सभेचा सभ्य. सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानातही धारासभा होती. विधायक या शब्दातही विधान आहेच. पण प्रत्यक्षात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर धारासभ्याकडे मागणी काय होते? विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं की पंप. गटार. पथदिवा. पुराच्या वेळी पंप मागणं चूक नाही, मीही मागितलाय. पण नदीचं पात्र कुणी किती अरुंद करावं याचा नियम कोण बनवतो, ते विचारायला कुणी जात नाही.

म्हणून मला त्या मुलीकडून एक गोष्ट वाचायला आवडेल. दाजी ज्या काळात सभागृहात होते तेव्हा मजुरांबद्दल कोणता कायदा झाला? आणि तो कायदा त्यांच्या माणसांच्या बाजूचा होता की नव्हता?

रामबाग_कट्टा | शनिवार, रात्री ९.३५

रावपुरा दादा, हाच प्रश्न मुलीनं मघाशी जेवताना विचारला! तिला मध्य प्रदेश औद्योगिक संबंध अधिनियम, १९६० असं एक नाव सापडलंय. पण कलमं वाचून काही कळत नाही म्हणते. कुणी सोपं करून सांगेल का? सासरे म्हणाले, “त्या कायद्यामुळेच आमची युनियन आतल्या खोलीत जाऊ शकत नव्हती.” त्याचा अर्थ त्यांना नीट सांगता येईना, दम लागतो बोलताना.

जुनी_पाळी | शनिवार, रात्री १०.५०

त्यांनी अगदी बरोबर सांगितलंय. हे कळलं की सगळा प्रकल्प उलगडेल, म्हणून सावकाश लिहितो.

मूळ कल्पना मुंबईच्या १९४६च्या कायद्यातली. मध्य भारतात तोच थोड्या फरकानं लागू झाला आणि नव्या राज्यानं १९६०ला स्वत:चा केला. कल्पना अशी की एका गावातल्या एका उद्योगात मजुरांच्या वतीनं बोलणारा संघ एकच असावा. ज्याची सभासदसंख्या सर्वांत जास्त म्हणून नोंदली गेली तो ‘प्रातिनिधिक संघ’. मालकाशी करार तोच करणार, न्यायालयात मजुरांची बाजू तोच मांडणार. त्यानं सही केली की ती सगळ्यांना बांधील, त्याचे सभासद नसलेल्यांनाही.

इंदूरच्या कापड मिलांत हा मान इंटकच्या, म्हणजे काँग्रेसशी जोडलेल्या मजूर संघटनेच्या, संघाकडे होता. ती मंडळीही साधी नव्हती. वि. वि. द्रविड म्हणजे आपले मराठी, गांधीवादी, मजुरांतच आयुष्य घातलेले. मंत्री म्हणून त्यांनी कामगार खातं सांभाळलं. रामसिंगभाई वर्माही तिथलेच. नंदानगरची घरं उभी राहिली ती याच विचारातून: भांडण कमी करा, मजुराला घर द्या, सहकारी दुकान द्या. त्या घरांत आज तिसरी पिढी राहते आहे. त्यांचं काम मी नाकारणार नाही.

पण मग लाल झेंड्याच्या मागे असलेल्या मजुरानं करायचं काय? तो खात्यात बहुसंख्य असला तरी कागदावर त्याचा संघ नाही, म्हणून टेबलावर जागा नाही. एक दार बंद झालं की माणूस दुसरं शोधतो. ते दुसरं दार म्हणजे मतपेटी. ज्याला मिलच्या ऑफिसात बसता येत नव्हतं त्याला मजुरांनी विधानसभेत नेऊन बसवलं. तिथे मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. आणि १९६२ला लोकसभेसाठी लढत झाली ती दाजी आणि काँग्रेसचे रामसिंगभाई यांच्यात. दोन्हीकडे मजुरांचेच पुढारी! दाजी अपक्ष उभे राहून जिंकले. तुमच्या मुलीला सांगा, त्या निकालाकडे एका शहरानं दोन धोरणांत केलेली निवड म्हणून बघ. घर आणि सहकार आधी, की टेबलावरची जागा आधी. पुढे त्याच इंदूरनं रामसिंगभाईंना दिल्लीला पाठवलं आणि १९७२ला दाजींना भोपाळला. म्हणजे शहराला दोन्ही हवं होतं.

भोपाळ_मुक्काम | रविवार, सकाळी ७.१५

काका, हे इतकं स्वच्छ आमच्या प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं. ताई, हे जसंच्या तसं छापून ठेवा.

एक भर घालतो. १९७२च्या विधानसभेत मुख्यमंत्री होते प्रकाशचंद्र सेठी, ज्यांनी १९६७ला इंदूरची लोकसभेची जागा जिंकली होती. दाजी पुन्हा विरोधी बाकावर. म्हणजे ते विधायक म्हणून कधीच सत्तेच्या बाजूला बसले नाहीत. त्यांच्या नावावर एकही पूल, एकही उद्घाटनाची शिळा शोधू नका. ‘काय बांधलं’ या मोजपट्टीनं ते शून्य भरतील. म्हणून मुलीनं मोजपट्टी आधी नीट निवडावी आणि ती का निवडली तेही लिहावं.

लोकमान्यनगर_७ | रविवार, सकाळी ९.००

पार्श्वभूमीवरून अग्रक्रम ठरतो हे मला पटतं, पण सगळ्यांची वाट गेटावरून जात नाही. आपल्या सुमित्राताई महाजनांचंच बघा. चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदूरला आली. प्रवचनं करायची, त्यातून घराघरांत ओळख. मग महानगरपालिका, उपमहापौर. १९८५ला इंदूर-३मधून विधानसभा लढवली आणि महेश जोशींकडून हरल्या. १९८९ला थेट सेठींना हरवून लोकसभेत, आणि तिथून सलग आठ वेळा. विधायक त्या कधी झाल्याच नाहीत. पण पालिकेतून आलेल्या माणसाचं लक्ष नळ, रस्ता, विमानतळ, रेल्वे याकडे जातं, आणि युनियनमधून आलेल्याचं वेतन आणि कायद्याकडे. आताच्या विधायक मालिनीताई गौड २०१५ ते २०२० महापौरही होत्या, आणि २०१७ला इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते त्याच काळात. सफाई हा विषय त्यांच्यामागे विधानसभेतही येणारच.

मला वाटतं मुलीनं शेवटी असा एखादा दुसरा नमुना शेजारी ठेवावा. कोण मोठा हे ठरवायला नको, वाट बदलली की काय बदलतं ते दिसावं म्हणून.

एक खंतही आहे. पूर्वी माणसाची वाट वस्तीला ठाऊक असे. आता आपण उमेदवाराचं शपथपत्र पाहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३च्या निकालांमुळे ते मिळतं आणि ते फार मोलाचं आहे: मालमत्ता, देणी, खटले, शिक्षण. मी प्रत्येक निवडणुकीत आमच्या गल्लीत चार घरी बसून वाचून दाखवते. पण त्यात हे कुठेच नसतं की हा मनुष्य गेली वीस वर्षं कुणाच्या अडचणीला धावत होता. ते आपणच एकमेकांना विचारायला हवं.

क्लॉथ_मार्केट | रविवार, दुपारी १२.२०

काल रात्री काकांचं लिहिलेलं दोनदा वाचलं. प्रातिनिधिक संघाचं मला काहीच माहीत नव्हतं. संप झाला की आम्ही फक्त विचारायचो, “कधी मिटणार?” बोलायला बसायचीच मुभा नसलेला माणूस गेटावर बसतो, हे आज कळतंय. वडील असते तर त्यांनाही सांगितलं असतं. मिला का बुडाल्या यावर माझं पूर्ण समाधान झालेलं नाही, यंत्रमागाचा मुद्दा मात्र खरा आहे. आमच्या गल्ल्यावर मिलचा माल पडून राहायचा आणि ते कापड हातोहात जायचं.

माझीही एक मागणी. विधायक फक्त मजुरांचा नसतो, सगळ्या शहराचा असतो. १९७०चं नर्मदा आंदोलन लिहिल्याशिवाय इंदूरच्या कुठल्याच पुढाऱ्याचा काळ पुरा होत नाही. तेव्हा आमच्याकडे पाणी यशवंत सागर आणि बिलावली तलावांचं, तेही मोजून. सगळे पक्ष, अभ्यास मंडळ या संस्थेची मंडळी, विद्यार्थी, व्यापारी रस्त्यावर आले. आमचं दुकानही बंद होतं, आणि त्या बंदबद्दल वडिलांनी कधी तक्रार केली नाही. सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून पाणी डोंगर चढवून आणायचं, हे वेड वाटायचं. १९७८ला नर्मदा इंदुरात आली. आईनं पहिल्या दिवशी नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. त्या दिवशी मजूर आणि व्यापारी एकाच बाजूला होते हे मुलीनं लिहावं, ही विनंती.

रामबाग_कट्टा | रविवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीनं आज दुपारी संसदेच्या ग्रंथालयातली लोकसभेची भाषणं उतरवायला घेतली आहेत. वही केली आहे, एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला विषय. भोपाळ दादांच्या ढिगाऱ्यांसारखी. नर्मदेचं वेगळं पान आहे.

आज आणखी एक झालं ते सांगते. ती आजोबांना विचारत होती, “मिलकडून यायच्या तुमच्या देण्यांचं काय झालं?” सासरे उठले, कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात मिलचा पितळी बिल्ला, हजेरीकार्ड, आणि देणी मिळाल्याचा कागद. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद झाली. देणी मिळायचा मार्ग मोकळा झाला २५ डिसेंबर २०२३ला. सुमारे ४,८०० मजूर आणि त्यांचे वारस, सुमारे २२४ कोटी. बातमीत आकडा मोठा दिसतो. आमच्या घरात तो आला तेव्हा सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या मधल्या काळात सासऱ्यांनी एका दुकानात पहारेकरी म्हणून रात्री काढल्या, सासूबाईंनी पोळ्या लाटून दिल्या. दर आठवड्याला मजूर गेटावर जमायचे, तीस वर्षं, नेमानं. सासरे जायचे. पाय चालेनासे झाले तेव्हा रिक्षानं जायचे.

मुलीनं बिल्ल्यावरचा नंबर वहीत उतरवून घेतला. मग विचारलं, “आजोबा, त्या तीस वर्षांत विधानसभेत तुमच्याबद्दल किती वेळा प्रश्न आला?” सासरे म्हणाले, “ते तू शोध.”

तर आता तिला प्रकल्पाला दुसरा भाग जोडायचा आहे. मिल बंद झाल्यापासून २०२३पर्यंत इंदूरच्या विधायकांनी हुकुमचंद मिलच्या देण्यांवर विचारलेले प्रश्न, वर्षवार, कुठलाही पक्ष न वगळता. वीस पानांत बसणार नाही हे तिला कळतंय. भोपाळ दादा, हे शोधता येईल का? पत्र उद्याच घेते.

भोपाळ_मुक्काम | रविवार, रात्री ९.४०

येईल. अलीकडची वर्षं संकेतस्थळावर मिळतील, आधीची ग्रंथालयात. ‘हुकुमचंद मिल’ एवढाच शब्द धरून शोधू नका. परिसमापन (म्हणजे कंपनी गुंडाळणं), मजुरांची देणी, मिलची जमीन, गृहनिर्माण मंडळ असेही शब्द घ्या. मिलच्या देण्यांचा प्रश्न कधी श्रम खात्याला जातो, कधी नगरविकासाला, कधी उद्योगाला. पत्रावर तिन्ही खात्यांची नावं लिहून घ्या. आलात की मला कळवा, ग्रंथालयात मी बरोबर येईन.

जुनी_पाळी | रविवार, रात्री १०.०५

ताई, येत्या शनिवारी सकाळी मुलीला आणि सासऱ्यांना घेऊन आमच्याकडे परदेशीपुऱ्यात या. जिना नाही, तळमजला आहे, त्यांना त्रास होणार नाही. माझ्याकडे साचेखात्याच्या जुन्या हजेरीच्या दोन वह्या आहेत, मोडीत निघाल्या तेव्हा मागून घेतलेल्या. बिल्ल्याचा नंबर तेवढा घेऊन या. त्यांचं नाव कुठल्या पानावर आहे ते शोधून ठेवतो.